मणी आफ्रिकेचा, दाम दलालाचा

काचेच्या जुन्या मण्यांच्या माळांवर 'गुलामांचे मणी' अशी चिठ्ठी लावून त्या युरोप-अमेरिकेच्या बाजारात विकल्या जातात. चिठ्ठी लागली की भाव चढतो. घेणाऱ्याला वाटते, आपण इतिहासाचा एक तुकडा गळ्यात घालतो आहोत. प्रत्यक्षात या नावाने खपणारे फुलाफुलांचे रंगीत मणी बहुतेक १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि २० व्या शतकाच्या पूर्वार्धात व्हेनिसला घडलेले आहेत. ब्रिटनने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला तो १८०७ साली. म्हणजे ज्या मण्यांच्या मोबदल्यात माणसे विकली गेली असे ग्राहकाला सांगितले जाते, त्यातले बहुतेक मणी त्या वेळी जन्मालाही आले नव्हते. मणी जुना आहे, त्याची काच खरी आहे, चिठ्ठी मात्र खोटी आहे. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना साखळदंडात जखडून अटलांटिकपार नेण्यात आले. त्या साखळदंडांचीही आता जाहिरात झाली!

काचेच्या मण्यांवर माणसे घेतली गेली हे मात्र खोटे नाही. 'हेन्रिएटा मेरी' हे इंग्रजी गुलामवाहू जहाज १७०० साली फ्लोरिडाजवळ बुडाले. १९७२ मध्ये त्याचे अवशेष सापडले. त्यांतून माणसांच्या हातापायांत घालायच्या बेड्यांबरोबर हजारो काचेचे मणी वर आले. बेड्या आणि मणी एकाच जहाजात! हा इतिहास जाणून घ्यायचाच असेल तर त्या बेड्यांसमोर उभे राहावे लागते. दागिन्यांच्या दुकानातील काचपेटीत तो सापडत नाही.

आज आफ्रिकेच्या पारंपरिक मण्यांविषयी आणि दागिन्यांविषयी जगभर एक चर्चा चालते: अस्सल कोणते आणि नक्कल कोणती? ही चर्चा करणारे कोण आहेत ते आधी पाहिले पाहिजे. संग्राहक आहेत, लिलाव करणारे आहेत, दुकानदार आहेत. मणी घडवणारा त्यात नसतो आणि पिढ्यान् पिढ्या तो अंगावर वागवणाराही नसतो. व्यापाराने आफ्रिकेच्या मण्यांचे अस्सलपण बिघडवले काय, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही याच मुद्द्यावर बोट ठेवू इच्छितो. मणी समुद्र ओलांडून आला म्हणून तो खोटा ठरत नाही. हा मणी काय आहे, हे सांगण्याचा अधिकार घडवणाऱ्याकडून आणि वागवणाऱ्याकडून काढून घेतला जातो, तेव्हा बिघाड होतो.

मुळात 'परक्यांचा स्पर्श न झालेली शुद्ध आफ्रिका' ही कल्पनाच गोऱ्या प्रवाशांची आणि मिशनऱ्यांची आहे. शुद्धतेच्या गप्पा कोण आणि कशासाठी मारतो, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको. नायजेरियातील इग्बो-उक्वू येथे १९५९-६० मध्ये उत्खनन सुरू झाले. तेथे नवव्या-दहाव्या शतकातील सुमारे १,६५,००० मणी मिळाले, काचेचे आणि लाल अकिकाचे. युरोपचे एकही जहाज त्या किनाऱ्याला लागण्याआधी पाचशे वर्षे तेथील माणसे दूरदेशीच्या व्यापाराशी जोडलेली होती. दक्षिणेकडे लिम्पोपो नदीच्या खोऱ्यात मापुंगुब्वे हे राज्य १३ व्या शतकात भरभराटीला आले. तेथल्या थडग्यांत सोन्याचा गेंडा सापडला तसे हिंदी महासागरावरून आलेले काचेचे असंख्य बारीक मणीही सापडले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट तेथून जवळच, 'के-२' नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याआधीच्या वस्तीत दिसते. तेथल्या कारागिरांनी आयात केलेले बारीक मणी वितळवले, मातीच्या साच्यात ओतले आणि त्यांचे मोठे, जाड, नवे मणी केले. परदेशी माल घेऊन त्याला आपला आकार आणि आपला अर्थ दिला. हा मणी भारतीय म्हणायचा की आफ्रिकी? आमच्या मते ज्याने तो साच्यातून काढला त्याचा.

या व्यापारात आपला किनाराही होता. रायगड जिल्ह्यातले चौल हे जुने बंदर. चौलला मिळालेले काचेचे मणी आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालेले मणी यांच्या काचेची रासायनिक घडण जुळते, असे या शतकात झालेल्या तपासण्यांतून पुढे आले आहे. गुजरातमधील खंबायतचा लाल अकीक तर शेकडो वर्षे अरबी गलबतांतून आफ्रिकेला जात होता. या अकिकाच्या खाणी भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या टेकड्यांत. त्याच टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. बावा गोर हे हबशी होते, आफ्रिकेतून आले होते आणि अकिकाचा धंदा त्यांनीच वाढवला, अशी तेथल्या सिद्दी समाजाची श्रद्धा आहे. गुजरातच्या अकीक-कारागिरांचा पीर एक आफ्रिकी माणूस आहे! ज्या महाराष्ट्राने गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरला अहमदनगरचे राज्य सांभाळताना पाहिले, त्याला याचे नवल वाटू नये. पण शाळेच्या पुस्तकात या देवघेवीला जागा मिळाली नाही.

एक जुना अपमान येथे खोडून काढला पाहिजे. 'आफ्रिकेच्या भोळ्या माणसांनी काचेच्या मण्यांवर भुलून सोने देऊन टाकले' असे अजूनही सांगितले जाते. हे धादांत असत्य आहे. कोणत्या प्रदेशात कोणत्या रंगाचा, कोणत्या आकाराचा मणी चालेल हे आफ्रिकी गिऱ्हाईक ठरवत असे. झांजिबारहून आत जाणाऱ्या तांड्याने चुकीच्या जातीचे मणी नेले तर ते कोणी हातात धरत नसे, ही तक्रार रिचर्ड बर्टनसारख्या इंग्रज प्रवाशानेच लिहून ठेवली आहे. म्हणूनच युरोपच्या व्यापाऱ्यांना पुठ्ठ्यावर मणी शिवून नमुन्यांची पाने तयार ठेवावी लागत. १९ व्या शतकातील लंडनच्या लेविन या व्यापाऱ्याची अशी पाने ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १५-१६ व्या शतकात पोर्तुगीज तर बेनिनच्या बाजूला निळे 'कोरी' मणी विकत घेत आणि एल्मिनाच्या किनाऱ्यावर सोन्याच्या बदल्यात ते आफ्रिकींनाच विकत. पुढे युरोपच्या काचवाल्यांनी या मण्यांच्या नकला करण्याचा खटाटोप केला. मण्यांची पहिली नक्कल कोणी कोणाची केली, ते यावरून समजावे. आफ्रिकी माणसाला पारख होती. जहाजे, बंदुका आणि विनिमयाचे दर मात्र दुसऱ्याच्या हातात होते. पारख असूनही लूट होते, ती अशी.

आणि आफ्रिकेत काच तयारच होत नव्हती, हाही समज टिकलेला नाही. नायजेरियातील इफे येथे १९१० साली जर्मन प्रवासी फ्रोबेनियस गेला. तेथील सुंदर शिल्पे पाहून त्याने काय निष्कर्ष काढावा? हे काळ्या माणसांचे काम असूच शकत नाही, समुद्रात बुडालेल्या अटलांटिस बेटाच्या लोकांनी ते केले असावे! ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी भिंतींबद्दल गोऱ्या ऱ्होडेशियाच्या सरकारने हेच केले होते. शंभर वर्षांनी नायजेरियाचेच पुरातत्त्वज्ञ अबिदेमी बाबालोला यांनी इफेच्या इग्बो ओलोकुन या जागी उत्खनन केले. बारा हजारांहून अधिक मणी, काच वितळवण्याच्या मुशी आणि काचेचा टाकाऊ माल त्यांना मिळाला. तेथल्याच वाळूपासून, तेथल्याच पद्धतीने काच बनत होती, हे त्यांनी सिद्ध केले. ज्याची कला नाकारली त्याच्या नातवंडांनी पुरावा उकरून काढला. वाईट एवढेच की त्या जागेचा बराच भाग मण्यांच्या लोभाने आधीच खणून पालथा घातला गेला होता. विकण्यासाठी उपसलेल्या मण्याबरोबर त्याचा थर जातो, काळ जातो, पुरावा जातो. बाजारात मग उरतो नुसता एक 'दुर्मिळ नग'.

आता आजच्या धंद्याकडे येऊ. १९६० च्या दशकापासून प्रवाह उलटा फिरला. जे मणी तीन-चारशे वर्षे आफ्रिकेत जात होते ते आफ्रिकेतून बाहेर पडू लागले. अमेरिकेत हिप्पींनी ते गळ्यात घातले. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन तरुणांनीही घातले, पण वेगळ्या कारणाने. ज्यांची भाषा, नाव, गाव सारे पुसून टाकले गेले होते त्यांना आपल्या मुळाची खूण हवी होती. ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या पिढीला ही भूक चांगली समजेल. पण या भुकेवरही दलालांनी धंदा केला. घराण्याच्या ठेव्यातले, आजीकडून नातीकडे जाणारे मणी पश्चिम आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांतून किलोच्या भावाने गोळा झाले आणि युरोप-अमेरिकेत नगाच्या भावाने विकले गेले. खेड्यात जुने मणी संपले तेव्हा नवे मणी जुने करण्याची युक्ती निघाली. मातीत पुरा, तेलात घोळा, वाळूत घासा, झाले शंभर वर्षांचे!

मॉरिटानियातील किफा गावच्या मण्यांची कथा यापुढची आहे. हे मणी बायका घडवत. काच कुटून तिची पूड करायची, थुंकीत किंवा डिंकाच्या पाण्यात ती कालवायची, सुईच्या टोकाने एकेक रंगीत रेघ मण्यावर चढवायची आणि सार्डिन माशांच्या रिकाम्या डब्यात ठेवून घरच्या निखाऱ्यावर भाजायचा. इतकी नाजूक कारागिरी जगात थोडी. संग्राहकांनी हे मणी हेरले, भाव आभाळाला भिडले, पण ते घडवणाऱ्या बायकांच्या घरात काही त्यातून पोहोचले नाही. जुन्या कारागिरणी गेल्या, मुली दुसऱ्या कामाला लागल्या. मग इंडोनेशियातून 'किफा' मणी येऊ लागले. गावाचे नाव बाजारात राहिले आणि गावातली कला आटली.

घानातील क्रोबो लोकांची गोष्ट इतकी काळी नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. ओडुमासे आणि आसपासच्या गावांत टाकाऊ काचेच्या बाटल्या उखळात कुटून वस्त्रगाळ पूड करतात. पांढऱ्या मातीचा हात दिलेल्या मातीच्या साच्यात ही पूड थर देऊन भरतात. मध्ये कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो ते झाड. भट्टीत देठ जळून जातो आणि मण्याला आपोआप भोक राहते. मुली वयात आल्या की 'दिपो' हा विधी होतो आणि त्यात मुलीच्या कमरेला, गळ्याला, पोटऱ्यांना घरचे मणी बांधतात. त्यात क्रोबोंनी केलेले मणी असतात तसे व्हेनिसचेही असतात. कोणता आजीचा, कोणता आत्याचा, हे घरातल्या बायकांना तोंडपाठ असते. १८९२ साली ब्रिटिशांनी क्रोबोंना त्यांच्या पवित्र डोंगरावरून हाकलले आणि दिपोवर बंदी घातली. मिशनऱ्यांच्या लेखी हा रानटीपणा होता. क्रोबोंनी तो तरीही जपला. दिपोतल्या सगळ्याच चालीरीतींची आम्ही तरफदारी करत नाही. मुलीच्या शरीरावर समाजाने पहारा ठेवावा, हे कोणत्याही देशात आम्हाला मान्य नाही. पण त्याचा निवाडा क्रोबो मुली करतील. इंग्रज गव्हर्नरने तो करायचा नव्हता आणि पर्यटकानेही करायचा नाही.

क्रोबो मण्यांना आज जगभर मागणी आहे आणि त्यावर अनेक घरांच्या चुली पेटतात. बाटलीच्या काचेऐवजी तयार रंगपूड येते, पर्यटकाला आवडतात म्हणून नवे रंग निघतात. याला आम्ही भ्रष्ट होणे म्हणणार नाही. पोटासाठी कारागीर रंग बदलतो, हा त्याचा हक्क आहे. के-२ च्या कारागिरानेही तेच केले होते. आमची हरकत पुढच्या पायरीला आहे. मणी घाऊक घेऊन जाणारा व्यापारी त्यावर 'प्राचीन' असे लिहितो, कारागिराचे गाव पुसतो आणि त्याच्या मजुरीच्या कितीतरी पट नफा घेतो. दुसरीकडे परदेशात यंत्रावर झालेले स्वस्त मणी क्रोबो म्हणून त्यांच्याच बाजारात येऊन पडतात. मग हातकारागिराला भाव पाडावा लागतो किंवा भट्टी विझवावी लागते.

केनिया-टांझानियाच्या मसाई बायकांचे तसेच. त्यांचे मणी १९ व्या शतकाच्या अखेरीपासून मुख्यतः बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशाचे. पण कोणता रंग कोणाशेजारी ओवायचा, लग्न झालेलीने काय घालायचे, तरुणांच्या नव्या वयोगटाने कोणती रचना घ्यायची, हे सारे मसाईंचे. पर्यटनाने याचे एक छापील कोष्टक केले: पांढरा म्हणजे दूध, तांबडा म्हणजे शौर्य, निळा म्हणजे आभाळ. कोष्टक अगदी खोटे नाही, पण त्यामुळे एक जिवंत बोली चार शब्दांची झाली. आज मसाई नमुन्याचे कुत्र्याचे पट्टेही मिळतात. मसाईंच्या नावाने आणि नमुन्यांनी जगभरच्या कंपन्या माल खपवतात. लुई व्हिताँने २०१२ च्या हंगामातील पुरुषांच्या कपड्यांत मसाईंच्या चौकटीच्या शालीची छाया घेतली, तेव्हा यावर बरीच बोलाचाली झाली. मसाईंनी आपल्या नावाच्या हक्कासाठी संघटना उभी केली आणि २०१८ च्या सुमारास एका ब्रिटिश कपडे-कंपनीने त्यांच्याशी परवान्याचा करार केला. रक्कम लहान असेल, पण विचारून घेणे आणि उचलून नेणे यातला फरक त्या कराराने कागदावर आणला. मिलानच्या मंचावर जून २०२५ मध्ये कोल्हापुरी चपलेचे झाले ते आपण पाहिलेच आहे. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळूनही सुरुवातीला तिचे नाव कोणी घेतले नव्हते, आणि ती शिवणाऱ्या चर्मकारांचे नाव तर अजूनही क्वचितच कोणी घेतो.

आता थोडे कडू बोलावे लागेल. आफ्रिकी मण्यांच्या ज्या स्वस्त नकला जगात फिरतात त्यातल्या काही चीनच्या आहेत, तशाच आपल्याही आहेत. वाराणसी आणि हाथरस जिल्ह्यातले पुरदिलनगर ही काचमण्यांची मोठी केंद्रे. व्हेनिसच्या जुन्या पट्टेदार मण्याची हुबेहूब नक्कल येथे होते. ती आफ्रिकेच्या बाजारात जाते आणि तेथून 'जुना आफ्रिकी मणी' बनून परत निघते. यावर कारागिराला दोष देणे सोपे आहे. दिव्याच्या ज्योतीसमोर दिवसभर डोळे जाळणाऱ्या त्या माणसाला नगावर मजुरी मिळते. आपला मणी कोणाच्या नावाने विकला जातो हे त्याला ठाऊक नसते आणि त्याचे स्वतःचे नाव कोणत्याच चिठ्ठीवर नसते. व्हेनिसमध्ये तरी काय वेगळे होते? तेथे मणी ओवणाऱ्या गरीब बायका दारात बसून तुटपुंज्या मजुरीवर ओवत. १९०४ मध्ये त्यांनी संप केला. सुंदर काचेच्या इतिहासात त्या संपाला दोन ओळीही मिळत नाहीत. घडवणारा क्रोबो असो, व्हेनिसची बाई असो की पुरदिलनगरचा मजूर, चिठ्ठी लिहिणारा दुसराच असतो.

म्हणून 'नकली मालावर बंदी घाला' एवढ्यावर आमचे समाधान नाही. मणी कोणत्या देशात, कोणत्या गावात आणि कोणत्या काळात घडला, हे विक्रेत्याने लिहिलेच पाहिजे. नवा असेल तर नवा म्हणून विकावा. नव्या क्रोबो मण्यात लाजण्यासारखे काही नाही. समाजाचे नाव वापरायचे तर त्या समाजाची लेखी संमती आणि नफ्यातला वाटा हवा. 'गुलामांचे मणी' हे विक्रीचे नाव तर तात्काळ बंद झाले पाहिजे. आणि भारत सरकारने काचेच्या मण्यांच्या निर्यातीचे आकडे मिरवताना ते घडवणाऱ्याची मजुरी किती, हेही त्याच तक्त्यात छापावे.

खंबायतची बाब यात सर्वांत तातडीची आहे. तेथे अकीक घासताना उडणाऱ्या बारीक धुळीने कारागिरांच्या फुप्फुसांना सिलिकोसिस होतो. हे वैद्यकीय तपासण्यांतून अनेकदा नोंदले गेले आहे. काम घरात चालते, म्हणून कारखान्यांचा कायदा तेथे सहसा पोहोचत नाही. आजार क्षय म्हणून नोंदला जातो आणि नुकसानभरपाईची फाईल उघडतच नाही. धूळ ओढून घेणारी यंत्रे, नियमित छातीची तपासणी आणि सिलिकोसिसची नोंद सिलिकोसिस म्हणूनच, एवढे गुजरात सरकारने आधी करावे. मण्याच्या अस्सलपणाचे दाखले नंतर वाटावेत.